मेंदूतील रोहिणी आणि आतड्यातील जिवाणू

सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये हवा भरताना तुम्ही कधीतरी पाहिले असेल. सगळी ट्यूब सारखी फुगत नाही. एखाद्या जागी रबर झिजून पातळ झालेले असते. तेथे लिंबाएवढा फुगा वर येतो. पंप मारत राहिलो, तर बाकीची ट्यूब जवळजवळ आहे तशीच राहते. वाढतो तो फुगाच. आणि ट्यूब फुटते तीही नेमकी तेथेच.

आपल्या शरीरातील रक्तवाहिन्यांनाही असे फुगे येतात. हृदयाकडून अवयवांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांना आपण रोहिणी म्हणतो. रोहिणीच्या भिंतीची एखादी जागा दुबळी होऊन बाहेर फुगली, की त्या फुगवट्याला रोहिणीविस्फार असे नाव आहे. डॉक्टर मंडळी त्याला 'अ‍ॅन्यूरिझम' म्हणतात. हा फुगवटा मेंदूतील रोहिणीला आला, तर तो विशेष धोक्याचा असतो.

आता एक चमत्कारिक वाटणारा प्रश्न. मेंदू कवटीत आणि आतडी पोटात. असे असताना आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंचा मेंदूतील या फुगवट्याशी काही संबंध असू शकेल काय? गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांनी हा प्रश्न गांभीर्याने विचारला आहे आणि त्याचा छडा लावण्यासाठी काही सुंदर प्रयोग केले आहेत. ते प्रयोग आपण या लेखात पाहू. प्रयोगांचे उत्तर महत्त्वाचे आहेच; पण 'दोन गोष्टी एकत्र दिसतात' येथून 'एकीमुळे दुसरी होते' येथपर्यंत शास्त्रज्ञ कसे जातात, हेही त्यांतून शिकण्यासारखे आहे.

फुगवटा कोठे येतो?

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅम असते. म्हणजे शरीराच्या वजनाचा तो सुमारे पन्नासावा भाग. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे १५ टक्के वाटा एकटा मेंदू घेतो. हे रक्त चार रोहिण्यांतून वर येते : दोन मानेच्या पुढच्या बाजूने आणि दोन मणक्यांतील छिद्रांतून. मेंदूच्या तळाशी या चारही रोहिण्या एकमेकींना जोडल्या जाऊन एक कडे तयार होते. इंग्लंडमधील वैद्य टॉमस विलिस यांनी १६६४ साली आपल्या ग्रंथात या कड्याचे नेमके वर्णन केले. म्हणून त्याला 'विलिसचे वर्तुळ' म्हणतात. त्या ग्रंथासाठी चित्रे काढणारा होता क्रिस्टोफर रेन, पुढे लंडनचे सेंट पॉल चर्च बांधणारा प्रसिद्ध वास्तुशिल्पी!

या वर्तुळातून अनेक फाटे फुटतात. मेंदूतील बहुतेक फुगवटे या फाट्यांपाशीच येतात. असे का? नदीचा प्रवाह एखाद्या बेटापाशी दुभागतो, तेव्हा पाण्याचा मारा कोठे बसतो ते आठवा. बेटाच्या टोकावर. रक्ताचेही तसेच आहे. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर दिवसाला १,०३,६८० ठोके होतात, आणि वर्षाला सुमारे ३ कोटी ७८ लाख. प्रत्येक ठोक्याचा धक्का फाट्याच्या बेचक्यात बसतो. त्यात मेंदूतील रोहिण्यांची भिंत शरीरातील तेवढ्याच जाडीच्या इतर रोहिण्यांच्या मानाने पातळ असते.

भिंत एकदा फुगली, की आणखी एक अडचण येते. दाब तोच राहिला तरी फुगा जितका रुंद, तितका त्याच्या कातडीवरील ताण जास्त असतो. शिवाय फुगताना कातडी पातळ होत जाते. म्हणजे ताण वाढतो आणि तो सोसण्याची ताकद मात्र घटते.

तरीही घाबरून जाऊ नका. पाहणीत असे आढळले आहे, की दर १०० प्रौढ माणसांपैकी सुमारे तिघांच्या मेंदूत असा लहानसा फुगवटा असतो. त्यांपैकी बहुतेकांना जन्मभर त्याचा पत्ताही लागत नाही. जगभरचा विचार केला, तर फुगवटा फुटण्याचे प्रमाण वर्षाला दर लाख लोकांत साधारण ६ ते ९ एवढेच आहे. पण ज्याचा फुटतो, त्याच्यावर मोठा घाला पडतो. मेंदूच्या आवरणाखाली रक्त पसरते. अशा रुग्णांपैकी एकतृतीयांश किंवा त्याहूनही अधिक दगावतात, आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचे अपंगत्व येते. हे रुग्ण पुष्कळदा पन्नाशीच्या आसपासचे, म्हणजे घर चालवणारे स्त्री-पुरुष असतात.

वैद्यकाने या रोगाशी चांगली झुंज दिली आहे. १९२७ साली पोर्तुगालमधील एगास मोनिज यांनी मेंदूच्या रोहिण्यांत क्ष-किरणांना अपारदर्शक असे द्रव्य सोडून त्यांचे छायाचित्र घेण्याची युक्ती काढली. १९३७ साली अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी फुगवट्याच्या मानेवर चांदीचा चिमटा बसवून तो बंद केला. १९९० साली गुग्लिएल्मी यांनी कवटी न उघडता, रोहिणीतून बारीक नळी नेऊन, फुगवट्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरण्याची पद्धत वापरात आणली. मात्र हे सारे उपाय फुगवटा तयार झाल्यानंतरचे आहेत. तो होऊच नये, किंवा झालेला फुटू नये, यासाठी घ्यायची खात्रीची गोळी अजून नाही. ती हवी असेल, तर भिंत दुबळी का होते हे आधी समजले पाहिजे.

भिंत झिजते, की खाल्ली जाते?

रोहिणीच्या भिंतीत तीन थर असतात. सर्वांत आत चपट्या पेशींचे गुळगुळीत अस्तर असते. रक्त त्याला लागूनच वाहते. या अस्तराच्या बाहेरच्या अंगाला लवचिक तंतूंचा पडदा असतो. मधल्या थरात स्नायुपेशी असतात. बाहेरच्या थरात कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाचे धागे असतात. लवचिक पडद्यामुळे रोहिणी ताणली जाऊन पुन्हा पूर्वीसारखी होते; कोलॅजेनमुळे ती फाटत नाही.

पूर्वी अशी समजूत होती, की रक्ताच्या माऱ्याने ही भिंत नळाच्या वॉशरसारखी नुसती झिजत असावी. पण शस्त्रक्रियेत काढलेल्या फुगवट्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. भिंतीत भक्षक पेशी शिरलेल्या होत्या. भक्षक पेशी म्हणजे आपल्या रक्तातील संरक्षक दलाचे शिपाई. जखम झाली, जंतू शिरले, की त्या तेथे धावतात. त्या जागी लाली, सूज, उष्णता येते, त्याला आपण दाह म्हणतो. या पेशी कोलॅजेन आणि लवचिक तंतू तोडणारी विकरे सोडतात. जखम साफ करायला ती उपयोगी. पण रोहिणीच्या भिंतीत महिनोन् महिने दाह चालू राहिला, तर भिंतच खाल्ली जाते.

म्हणजे प्रश्न थोडा पुढे सरकला. रक्ताचा मारा भिंतीला इजा करतो, हे खरे. पण तो मारा तर आपल्या सर्वांच्याच रोहिण्यांवर होतो. काही माणसांतच दाह इतका का भडकतो? रक्तातील भक्षक पेशींना सतत चिथावणारे काही आहे काय?

येथे एक गैरसमज आधीच दूर करू. जिवाणू स्वतः रोहिणीच्या भिंतीत जाऊन बसल्यामुळे होणारा फुगवटाही असतो. हृदयाच्या झडपांना जंतुसंसर्ग झाला, तर त्यांच्यावरील जंतूंची ढेकळे रक्तातून वाहत जाऊन एखाद्या रोहिणीत अडकतात आणि तेथली भिंत सडवतात. विल्यम ऑस्लर यांनी १८८५ साली अशा फुगवट्याचे वर्णन केले होते. हा प्रकार विरळा आहे. आपण ज्याचा विचार करीत आहोत, त्यात जिवाणू आतड्यातच राहतात आणि त्यांचा परिणाम मात्र दूरवर पोचतो, अशी कल्पना आहे.

आतड्यातील वस्ती

तुमच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आहेत. आणि जिवाणू किती? २०१६ साली केलेल्या काळजीपूर्वक अंदाजाप्रमाणे सुमारे ३८ लाख कोटी! त्यांतील बहुतेक सारे मोठ्या आतड्यात राहतात. ते अतिशय सूक्ष्म असल्यामुळे सर्वांचे मिळून वजन मात्र सुमारे पावशेरच भरते, म्हणजे २०० ग्रॅम.

ही मंडळी फुकट राहत नाहीत. आपल्याला न पचणारे तंतुमय पदार्थ ते आंबवतात, काही जीवनसत्त्वे बनवतात, उपद्रवी जंतूंना जागा मिळू देत नाहीत. त्यांनी तयार केलेले कितीतरी पदार्थ आतड्यातून रक्तात शोषले जातात आणि रक्ताबरोबर सर्व शरीरभर फिरतात. आता अंतराचा प्रश्न उरला नाही, हे तुमच्या ध्यानात आले असेल. रक्ताला पोटातून मेंदूत जायला एक मिनिटही पुरते. आतड्यात काय शिजते, त्याचा थोडा अंश प्रत्येक रोहिणीच्या अस्तराला सतत लागत असतो.

पण 'असे होऊ शकेल' आणि 'असे होते' यांत फार फरक आहे. तो ओलांडायला प्रयोगच हवा.

पहिली कसोटी : काढून पाहा

अमुक एका गोष्टीमुळे अमुक होते असे वाटत असेल, तर सर्वांत सरळ कसोटी कोणती? ती गोष्ट काढून टाकावी आणि काय होते ते पाहावे.

अमेरिकेतील फिनिक्स शहरी असलेल्या बॅरो न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमधील हाशिमोतो आणि त्यांचे सहकारी यांनी अशाच प्रयोगाची हकीकत २०१९ साली प्रसिद्ध केली. उंदरांना आपण होऊन मेंदूत फुगवटे येत नाहीत. म्हणून प्रयोगात दोन गोष्टी करतात. उंदराचा रक्तदाब वाढवतात, आणि लवचिक तंतू विरघळवणारे एक विकर मेंदूभोवतालच्या द्रवात टोचतात. यामुळे थोड्याच दिवसांत मेंदूच्या तळाशी फुगवटे येतात. शास्त्रज्ञांनी काही उंदरांना हे करण्याआधीपासून अनेक प्रतिजैविकांचे मिश्रण देऊन त्यांच्या आतड्यातील जिवाणूंची वस्ती जवळजवळ उठवली. बाकीच्या उंदरांना प्रतिजैविके दिली नाहीत.

प्रतिजैविके न दिलेल्या उंदरांपैकी बहुतेकांच्या मेंदूत फुगवटे आले. आतडी साफ केलेल्या उंदरांत मात्र ते क्वचितच आढळले. शिवाय या दुसऱ्या गटाच्या रोहिण्यांच्या भिंतीत भक्षक पेशी कमी होत्या आणि दाह वाढवणारी द्रव्येही कमी होती. म्हणजे जिवाणू गेले तसा दाहही ओसरला.

मग सिद्ध झाले काय? थोडे थांबा. चांगला परीक्षक येथे शंका काढील. प्रतिजैविके ही शेवटी औषधे आहेत. जिवाणू मारण्याखेरीज ती आणखी काही करीत असतील तर? ही शंका पोकळ नाही. टेट्रासायक्लीनच्या गटातील औषधे कोलॅजेन तोडणाऱ्या विकरांनाही थेट अडवतात, हे माहीत आहे. म्हणून 'काढून पाहा' ही कसोटी एकटी पुरत नाही. तिला उलट बाजूने जोड द्यावी लागते.

दुसरी कसोटी : देऊन पाहा

१८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला, तेव्हा रुग्णाच्या शरीरात तो जंतू दिसतो एवढ्यावर ते थांबले नाहीत. तो त्यांनी वेगळा वाढवला, निरोगी प्राण्यांना टोचला, आणि त्या प्राण्यांना क्षय झालेला दाखवला. हीच ती 'देऊन पाहा' कसोटी.

२०२० साली चीनमधील शास्त्रज्ञांनी मेंदूत न फुटलेला फुगवटा असलेले रुग्ण आणि तसा फुगवटा नसलेली माणसे यांच्या विष्ठेतील जिवाणूंची तुलना प्रसिद्ध केली. जिवाणू त्यांनी बशीत वाढवून मोजले नाहीत. त्यांच्या डीएनएवरून ओळखले. आतड्यातील पुष्कळ जिवाणूंना हवेतला ऑक्सिजन सोसत नाही, त्यामुळे ते बाहेर वाढवणे अवघड असते. तुलनेत असे दिसले, की दोन्ही गटांतील वस्ती वेगवेगळी आहे.

पण याचा अर्थ लावताना सावध राहिले पाहिजे. पाऊस पडतो तेव्हा छत्र्या उघडलेल्या दिसतात. म्हणून छत्र्यांमुळे पाऊस पडतो असे कोणी म्हणत नाही. रोग झाल्यामुळे रुग्णाचा आहार बदलला, औषधे सुरू झाली, आणि त्यामुळे जिवाणू बदलले, असेही असू शकेल. म्हणून शास्त्रज्ञांनी पुढची पायरी घेतली. रुग्णांच्या विष्ठेतील जिवाणू त्यांनी काही उंदरांच्या पोटात घातले, आणि निरोगी माणसांचे जिवाणू दुसऱ्या उंदरांच्या पोटात. रुग्णांचे जिवाणू मिळालेल्या उंदरांत मेंदूतील फुगवट्यांचे प्रमाण अधिक निघाले. उंदरांना रुग्णांपासून मिळाले ते केवळ जिवाणू आणि त्यांच्या बरोबरचा मजकूर. रुग्णाचे वय, धूम्रपान, घराणे यांतले काहीच उंदराकडे गेले नव्हते.

हेच शास्त्रज्ञ आणखी खोलात गेले. रुग्णांच्या रक्तात टॉरिन नावाचे एक द्रव्य कमी होते. १८२७ साली बैलाच्या पित्तात ते प्रथम सापडले. बैलाच्या लॅटिन नावावरूनच त्याला हे नाव मिळाले. पित्तातील आम्लांशी जोडलेले टॉरिन आपल्या आतड्यात येते, आणि तेथील जिवाणू ते सुटे करतात. ज्यांच्या आतड्यात 'हंगाटेला हॅथेवायी' हा जिवाणू कमी, त्यांच्या रक्तात टॉरिनही कमी, असा मेळ माणसांत आणि उंदरांत दोन्हीकडे दिसला. मग हा जिवाणू उंदरांना पाजण्यात आला. त्यांच्या रक्तातील टॉरिन पूर्ववत झाले, फुगवटे कमी झाले, आणि ते फुटण्याचे प्रमाणही घटले. नुसते टॉरिन दिले तरी फायदा झाला.

असा निष्कर्ष इतर प्रयोगशाळांनी, इतर देशांतील रुग्णांवर पुन्हा तपासून पाहणे किती आवश्यक आहे, हे उघड आहे. २०२२ साली जपानमधील संशोधकांनी फुगवटा फुटलेल्या आणि न फुटलेल्या रुग्णांची तुलना केली, तेव्हा फुटलेल्यांच्या आतड्यात त्यांना 'कँपिलोबॅक्टर' या वेगळ्याच गटाचे जिवाणू अधिक आढळले. म्हणजे नेमका कोणता जिवाणू, याबद्दल एकवाक्यता झालेली नाही.

घर बदलले, रोग गेला

आतड्यातील जिवाणू मेंदूतील वाहिन्यांना निरोप कसा पोचवतात? याचे सर्वांत स्पष्ट उत्तर एका शेजारच्या रोगाच्या अभ्यासातून मिळाले आहे. या रोगात मेंदूतील बारीक केशवाहिन्या फुगून तुतीच्या फळासारखा गुच्छ बनतो. सुमारे दोनशे माणसांत एकाला असा गुच्छ असतो. काही घराण्यांत तो आनुवंशिक असतो, आणि त्यासाठी कारणीभूत असे तीन जनुक माहीत आहेत. गुच्छातून रक्त झिरपले, तर फिट्स येतात किंवा पक्षाघात होतो.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्क कान आणि त्यांचे सहकारी हा रोग उंदरांत निर्माण करून अभ्यासत होते. उंदरांच्या केशवाहिन्यांतील संबंधित जनुक बंद केला, की मेंदूत गुच्छ येत. पुढे हे उंदीर एका नव्या इमारतीत हलवण्यात आले. आणि काय आश्चर्य! जनुक बंद करूनही उंदरांच्या मेंदूत गुच्छ येईनासे झाले. जनुक तोच, उंदीर त्याच जातीचे. मग बदलले काय?

काही थोड्या उंदरांत मात्र गुच्छ आले होते. त्यांची तपासणी केली, तेव्हा त्यांच्या पोटात पू झालेला आढळला. औषध टोचताना तेथे जिवाणूंचा संसर्ग झाला होता. या धाग्यावरून शास्त्रज्ञ पुढे गेले. नवी इमारत अधिक स्वच्छ होती, आणि तेथील उंदरांच्या आतड्यातील जिवाणूही निराळे होते.

मग त्यांनी पद्धतशीर कसोट्या लावल्या. जन्मापासून पूर्णपणे जंतुरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत, जनुक बंद असूनही, गुच्छ जवळजवळ आलेच नाहीत. प्रतिजैविकांनीही गुच्छ रोखले गेले. उलट, ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड हा पदार्थ टोचला, तर गुच्छ वाढले. जिवंत जिवाणूंचीसुद्धा गरज नव्हती. त्यांच्या सालीचा तुकडा पुरला.

हा तुकडा ओळखणारा एक ग्राही रेणू आपल्या पेशींवर असतो. कुलपात किल्ली बसावी तसा तो तुकडा या ग्राहीवर बसतो आणि पेशीला धोक्याचा इशारा मिळतो. हा ग्राही १९९८ साली ब्रूस बॉयटलर यांनी शोधला, आणि २०११ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. कान यांच्या उंदरांत केशवाहिन्यांच्या अस्तरावरचा हाच ग्राही काढून टाकला, तेव्हाही गुच्छ रोखले गेले. काढून पाहिले, देऊन पाहिले, आणि मधला दुवाही तोडून पाहिला; तिन्ही वेळा उत्तर एकच. हे संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०२० साली या रोगाच्या रुग्णांच्या आतड्यातही ग्रॅम-ऋण जिवाणूंचे प्रमाण अधिक असल्याचे आढळले.

गुच्छ आणि रोहिणीविस्फार हे दोन वेगळे रोग आहेत, हे विसरू नका. एकात केशवाहिन्या बिघडतात, दुसऱ्यात रोहिण्या. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला जसेच्या तसे लावता येणार नाही. पण आतड्यातील जिवाणूंचा निरोप मेंदूतील वाहिन्यांच्या अस्तराला पोचू शकतो, एवढे मात्र यातून पक्के झाले.

मग आपण काय करायचे?

हे सारे वाचून कोणाला वाटेल, की प्रतिजैविके घेऊन आतडी साफ करावीत. असे मुळीच करू नये. उंदरांना प्रयोगापुरती दिलेली औषधे माणसाने वर्षानुवर्षे घेतली, तर उपयोगी जिवाणूही मरतील, आणि औषधांना न जुमानणारे जंतू माजतील. कोणी म्हणेल, टॉरिन घातलेली बाटलीबंद पेये बाजारात मिळतात, ती प्यावीत. त्यांनी माणसातील फुगवटा टळतो असे कोणत्याही प्रयोगाने दाखवलेले नाही. दही-ताकाचेही तेच. दही-ताक जरूर घ्यावे. पण ते या रोगाचे औषध आहे असे समजू नये.

खात्रीने माहीत असलेल्या गोष्टी साध्या आहेत. धूम्रपान आणि वाढलेला रक्तदाब यांमुळे फुगवटा येण्याचा आणि फुटण्याचा धोका वाढतो. म्हणून विडी-सिगारेटपासून दूर राहावे. घरातील मोठ्या माणसांनी रक्तदाब वेळोवेळी तपासून घ्यावा आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मध्येच सोडू नयेत. आई-वडील, भावंडे यांपैकी दोघांना हा विकार झाला असेल, तर इतरांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणखी एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. जन्मात कधी दुखले नव्हते इतके डोके एकाएकी, क्षणार्धात दुखू लागले, बरोबर उलटी झाली, मान ताठरली किंवा शुद्ध हरपली, तर घरगुती उपचारात वेळ न घालवता त्या माणसाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे. अशा वेळी एकेक तास मोलाचा असतो. अभ्यासाने किंवा उन्हाने दुखणारे नेहमीचे डोके हे त्यातले नव्हे.

उद्या कदाचित दाह शमवणारे एखादे औषध, किंवा जिवाणूंची वस्ती सुधारण्याचा एखादा मार्ग, मेंदूतील फुगवटा फुटू न देण्यासाठी वापरता येईल. त्यासाठी माणसांवरील दीर्घ आणि काटेकोर चाचण्या व्हाव्या लागतील. एकाच माणसाच्या आतड्यातील जिवाणू आधी बदलतात आणि फुगवटा नंतर येतो, हे वर्षानुवर्षे पाहून ठरवावे लागेल. तुमच्यापैकी कोणी पुढे जाऊन हे काम हाती घेतले, तर त्याला किंवा तिला रोहिणी आणि आतडे ही शरीरशास्त्राच्या पुस्तकातील दोन वेगळी प्रकरणे एकत्र वाचावी लागतील.

विचार करा

१. एका गावात एक लाख प्रौढ माणसे आहेत. शंभरात तिघे या हिशेबाने किती जणांच्या मेंदूत फुगवटा असेल? त्यांपैकी वर्षाला ६ ते ९ जणांचा फुटतो असे धरले, तर फुगवटा असलेल्या साधारण किती माणसांत एकाचा फुटतो?

२. प्रतिजैविके दिलेल्या उंदरांत फुगवटे कमी आले. हा परिणाम जिवाणू गेल्यामुळेच झाला, रक्तदाब उतरल्यामुळे नव्हे, हे ठरवण्यासाठी प्रयोगात आणखी काय मोजायला हवे?

३. रुग्णांचे जिवाणू एका गटातील उंदरांना देताना, निरोगी माणसांचे जिवाणू दुसऱ्या गटाला देण्याची गरज काय होती? दुसऱ्या गटाला काहीच दिले नसते, तर कोणती शंका उरली असती?

४. उंदीर नव्या इमारतीत नेल्यावर रोग नाहीसा झाला. हा प्रयोग फसला असे समजून शास्त्रज्ञांनी ती नोंद टाकून दिली असती, तर काय झाले असते? वर्गात चर्चा करा.